कारखान्यांतील नवा परीक्षक

आमच्या ह्या पृष्ठांवर पुस्तकांचीं परीक्षणें येतात, क्वचित् एकाद्या नाटकाचें किंवा चित्रप्रदर्शनाचें येतें. कारखान्यांतील यंत्राचें परीक्षण येथें छापण्याचा प्रघात नाहीं. तो प्रघात आज आम्ही मोडीत आहों, आणि त्याचें कारण असें कीं, पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत गेल्या कांहीं वर्षांत जें यंत्र येऊन बसलें आहे त्याचा धंदा व आमचा धंदा एकच आहे. वस्तु समोर यावी, ती पाहावी, आणि ती चांगली कीं वाईट हें सांगून मोकळें व्हावें, एवढेंच तें करतें. आम्ही महिन्याकांठीं चारपांच पुस्तकांचा निकाल लावतों आणि त्यापायीं लेखकांचीं रागाचीं पत्रें झेलतों. तें यंत्र मिनिटागणिक कित्येक नगांचा निकाल लावतें, आणि नगांकडून तक्रार येत नाहीं. परीक्षकाचें परीक्षण कोणीं करावें, हा प्रश्न वाचकांनीं आमच्याविषयीं पूर्वींच विचारला आहे. ह्या नव्या परीक्षकाविषयीं तो विचारण्याची पाळी आतां आमची आहे.

चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्यें किंवा मोशीच्या प्रदर्शन केंद्रांत यंत्रांचीं जीं प्रदर्शनें भरतात, तेथें हिंडून आल्यावर पिशवींत दोन शेर कागद जमतो. त्यांतील 'कॉम्प्युटर व्हिजन'विषयींचीं माहितीपत्रकें आम्हीं वाङ्मय म्हणूनच वाचलीं. मराठींत ह्या विद्येला कोणी संगणकदृष्टि म्हणतात, कोणी यंत्रदृष्टि. आम्ही येथें यंत्रदृष्टि हा शब्द वापरूं. विक्रेते वेगवेगळे, छपाई वेगवेगळी, परंतु स्तोत्र एकच: हा डोळा थकत नाहीं, हा डोळा चुकत नाहीं, आणि हा डोळा माणसाला कंटाळवाण्या कामांतून सोडवितो. स्तोत्रांतील पहिलें विधान खरें आहे. दुसरें अर्धें खरें आहे. तिसऱ्याविषयीं आम्हांला पुष्कळ बोलावयाचें आहे.

ह्या मुलुखाची ओळख बाहेरच्या वाचकांसाठीं दोन ओळींत करून देतों. चाकण म्हटलें कीं एके काळीं कांद्याची बाजारपेठ आठवे, आणि इतिहासाची गोडी असलेल्याला १६६० सालीं शाएस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढें फिरंगोजी नरसाळ्यानें सुमारे दोन महिने झुंजविलेला संग्रामदुर्ग आठवे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ निघालें. मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागून त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या शेंकडों शेडी उभ्या राहिल्या. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. चाकणास २००९ सालीं फोक्सवागेननें कारखाना उघडला, आणि त्या सुमारास व त्यानंतर आणखी बड्या कंपन्या आल्या. आतां तळेगांव-चाकण रस्त्यावर संध्याकाळीं अडकलेल्या मालमोटारींच्या रांगेंत बसून ज्यानें दोन तास काढले असतील त्याला हा इतिहास आम्हीं निराळा सांगावयास नको. लक्षांत ठेवण्याची गोष्ट एवढीच, कीं बड्या कारखान्याच्या फाटकांतून जी गाडी बाहेर पडते तिचे शेंकडों भाग भोसरीच्या किंवा तळवड्याच्या लहान शेडींतून आलेले असतात, आणि प्रत्येक भाग कोणीतरी पाहून 'ठीक' म्हटलेला असतो.

हा 'कोणीतरी' कोण, ह्याकडे आमच्या साहित्यानें कधीं ढुंकून पाहिलें नाहीं. शेडीच्या टोंकाला एक टेबल असतें, त्यावर ट्यूबलाइट, एका बाजूला हिरवा क्रेट आणि दुसऱ्या बाजूला तांबडा. त्या टेबलापाशीं बसून एक बाई किंवा एक माणूस आठ तास तोच नग उचलतो, उजेडांत फिरवितो आणि ठेवतो. ह्या कामांत काव्य आहे असें जो म्हणेल त्यानें तें एक दिवस करून पाहावें. १९४८ सालीं नॉर्मन मॅकवर्थ ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. महायुद्धांत विमानदळाचे लोक रडारच्या पडद्याकडे तासन् तास टक लावून बसत आणि नेमकी शत्रूची खूण त्यांच्या नजरेंतून निसटे. तें कां, हें शोधण्यासाठीं त्यानें एक घड्याळ केलें. त्याचा कांटा एकेक पाऊल पुढें जाई आणि क्वचित् एकदम दोन पावलें टाकी. ती दुहेरी उडी पाहणाऱ्यानें सांगावयाची. अर्ध्या तासांतच पाहणाऱ्यांची नजर ढिली पडूं लागे. माणूस आळशी म्हणून नव्हे; दुर्मिळ गोष्टीची वाट पाहत राहणें हें मानवी मेंदूला झेपतच नाहीं म्हणून. तेव्हां तपासणीच्या टेबलावरून माणसाला उठवून तेथें कॅमेरा बसविला, ह्या एका गोष्टीसाठीं आम्ही गळा काढणार नाहीं. न थकणारा डोळा हें खरोखरीचें वरदान आहे. ब्रेकच्या एका भागांत केसाएवढी भेग राहून गेली तर तिची किंमत कोठल्यातरी घाटांत, कोणत्यातरी कुटुंबाला द्यावी लागते.

ह्या डोळ्याची करणी थोडक्यांत अशी. नग पट्ट्यावरून येतो, दिवा लागतो, कॅमेरा चित्र टिपतो. यंत्राच्या लेखीं चित्र म्हणजे आंकड्यांची चौकट. प्रत्येक ठिपक्याला त्याच्या उजेडाप्रमाणें ० पासून २५५ पर्यंतचा एक आंकडा. जेथें शेजारशेजारच्या आंकड्यांत एकदम फरक पडतो तेथें वस्तूची कड आहे असें यंत्र धरतें. जुन्या पद्धतींत पुढचे नियम माणूस लिहून देई: ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत इतके ठिपके, भोंकाचा व्यास इतका. नव्या पद्धतींत नियम लिहून देत नाहींत. चांगल्या व वाईट नगांचीं हजारों चित्रें दाखवितात आणि यंत्र आपल्या आंतले आंकडे हलवीत हलवीत नियम स्वतःच बसवून घेतें. १९६६ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी.मध्यें सेमूर पॅपर्ट ह्यांनीं यंत्राला पाहण्यास शिकविण्याचें बरेंचसें काम एका उन्हाळ्याच्या सुट्टींत उरकण्याचा बेत आंखला होता. तो उन्हाळा जवळजवळ पन्नास वर्षें लांबला. २०१२ सालीं टोरांटोच्या तिघांनीं केलेल्या यंत्रानें चित्रें ओळखण्याच्या स्पर्धेंत बाकीच्यांना फार मागें टाकलें, तेव्हांपासून ही नवी पद्धति कारखान्यांपर्यंत येऊं लागली.

जेथें प्रश्न साधा असतो तेथें हा परीक्षक उत्तम आहे. क्लिप बसली आहे कीं राहिली, चार बोल्टांऐवजीं तीन तर नाहींत, चासीवर कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशीं जुळतो कीं नाहीं, इंजिनाच्या झाकणावरची सीलंटची रेघ कोठें तुटली आहे काय, डाव्या दाराचा भाग उजव्याच्या पेटींत तर गेला नाहीं. असल्या प्रश्नांना तो जें उत्तर देतो त्याच्यापुढें माणसानें हात जोडावे. अडचण सुरू होते ती 'आहे कीं नाहीं' हा प्रश्न संपून 'चालेल कीं नाहीं' हा प्रश्न उभा राहतो तेथें.

भोसरीच्या एका लहानशा शेडींत आमच्या एका स्नेह्यांच्या ओळखीनें आम्ही दोनदां जाऊन बसलों. शेडीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. अॅल्युमिनियमचीं ओतीव घरें मशीनवर कापून, भोंकें पाडून बड्या कंपनीस पुरवावयाचीं, हा तेथला व्यवसाय. (भिंतींवर पाट्या होत्या: पोका-योके, कायझेन, जिदोका. पुणें जिल्ह्यांतील कामगाराला आज मोरोपंतांहून जपानी शब्द अधिक येतात, ही गंमत जातां जातां नमूद करतों.) मालकांनीं कॅमेरा हौसेनें घेतलेला नव्हता. एकदां एका पेटींत चार नगांवर ब्लोहोल निघाले, म्हणजे ओततांना हवा अडकून पडलेलीं छिद्रें. कंपनीनें सबंध माल परत पाठविला आणि वर डेबिट नोट लावली. पुढच्या ऑर्डरीच्या बोलण्यांत तपासणीचें यंत्र बसवाल काय, असें विचारण्यांत आलें. अशा विचारण्याला नकार देतां येत नसतो. मालकांनीं कर्ज काढलें.

त्या शेडींत एक वयस्क तपासनीस आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात. बावीस वर्षें त्यांनीं तांबड्या आणि हिरव्या क्रेटमध्यें बसून काढलीं. यंत्र शिकविण्यासाठीं आलेल्या तरुण अभियंत्यानें त्यांना पडद्यासमोर बसविलें, आणि एकेक चित्र दाखवून विचारूं लागला. काका एका चित्राशीं थबकले.

"साहेब, फोटोत तेल आणि क्रॅक सारखंच दिसतं. हातात घेतल्याशिवाय कसं सांगू?"

"काका, हो की नाही एवढंच सांगा. तिसरं बटण नाही."

हें संभाषण आम्हीं कानांनीं ऐकलें, आणि आमच्या मतें यंत्रदृष्टीची सगळी चर्चा त्यांत सांठविलेली आहे. काका नग पाहतात तेव्हां तो तिरपा करतात, अंगठ्यानें पुसतात, नखानें कड चांचपतात, खिडकीच्या उजेडाकडे नेतात, शंका आली तर शेजारच्याला दाखवितात. पाहणें ही त्यांच्या बाबतींत हाताचीहि क्रिया आहे. यंत्राला त्या क्रियेंतली केवळ शेवटची हो-नाहीं हवी होती. तेवढीच त्यानें घेतली. तीन आठवडे काकांनीं चित्रें निवडून दिलीं. बावीस वर्षांच्या नजरेचा अर्क अशा रीतीनें यंत्रांत उतरला, आणि यंत्राच्या पेटीवर नांव लागलें तें तें विकणाऱ्याचें. पुस्तकाच्या जगांत दुसऱ्याच्या मजकुराखालीं आपलें नांव घालणाऱ्यास आपण काय म्हणतों हें वाचकांस ठाऊक आहे. येथें तसा शब्द कोणी वापरीत नाहीं, कारण काकांचें काम हें 'लेखन' आहे असें कोणाच्या, बहुधा काकांच्याहि, मनांत आलेलें नाहीं. त्या तीन आठवड्यांबद्दल त्यांना निराळें कांहीं मिळालें काय, असें आम्हीं विचारलें. पगार चालूच होता कीं, असें त्यांनीं सांगितलें.

माहितीपत्रकांत 'दोष' हा शब्द असा वापरतात कीं जणूं दोष हा नगाच्या अंगांतच असतो आणि यंत्र तो शोधून काढतें. शेडींत बसल्यावर कळतें कीं तसें नाहीं. काकांच्या टेबलाच्या खणांत कांहीं नग ठेवलेले आहेत. त्यांना लिमिट सॅम्पल म्हणतात. इतका ओरखडा चालेल, ह्याच्यापुढें चालणार नाहीं, असें पुरवठादार व गिऱ्हाईक ह्या दोघांनीं बसून ठरविलेलें असतें, आणि त्या नगावर दोन्हीकडच्या सह्यांची चिठ्ठी असते. दोष म्हणजे तह आहे. आणि तह म्हटला कीं तो सैलहि होतो, ताठहि होतो. महिनाअखेरीस माल पाठविण्याची घाई असली कीं ओरखडा लहान दिसूं लागतो. गिऱ्हाईकाची तपासणी आली कीं तोच मोठा दिसतो. ह्यावर यंत्राचे पुरस्कर्ते म्हणतील कीं, पाहा, म्हणूनच यंत्र हवें. तें महिनाअखेर ओळखीत नाहीं. आम्हांलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु यंत्राच्या पडद्यावर एक आंकडा असतो. नग किती संशयास्पद वाटला म्हणजे तो टाकावयाचा, ती मर्यादा त्या आंकड्यानें ठरते, आणि तो आंकडा बोटानें वरखालीं करतां येतो. म्हणजे सैलपणा गेला नाहीं. तो काकांच्या मनांतून उठून पडद्यावर जाऊन बसला. फरक एवढाच पडला कीं काका सैल झाले तर मनांत खात होते, आणि मालकांनीं दडपण आणलें तर एकदां तरी "मी सही करणार नाही" असें म्हणूं शकत होते. आंकडा तसें म्हणत नाहीं. उद्यां वाईट नग बाहेर गेला तर जाब कोणाला विचारावयाचा, ह्या प्रश्नाला त्या शेडींत आम्हांला चौघांकडून चार उत्तरें मिळालीं.

आणखी एक खोंच आहे, ती साहित्याच्या वाचकांना विशेष कळेल. बऱ्या चाललेल्या कारखान्यांत वाईट नग फार थोडे निघतात. मग यंत्राला वाईटाचे नमुने दाखवावे कोठून? ह्यावर एक तोड अशी निघाली आहे कीं, फक्त चांगलेच नग दाखवावयाचे, आणि जें त्यांच्यासारखें दिसणार नाहीं तें संशयास्पद समजावयाचें. म्युनिकच्या एमव्हीटेक ह्या कंपनीनें २०१९ सालीं ह्या पद्धतीच्या परीक्षेसाठीं १५ प्रकारच्या वस्तूंचा व पृष्ठभागांचा, ५,३५४ चित्रांचा एक संग्रह प्रसिद्ध केला; शिकविण्यासाठीं त्यांत निर्दोष वस्तूंचींच चित्रें आहेत. पद्धति हुषारीची आहे ह्यांत शंका नाहीं. परंतु अशा रीतीनें शिकलेल्या परीक्षकाला चांगलें आणि वाईट कळत नाहीं. त्याला सरावाचें आणि बिनसरावाचें एवढेंच कळतें. ओतीव कामाचा सांचा बदलला, अॅल्युमिनियमची जात बदलली, पावसाळ्यांत नगावर दमटपणाचा पुसट थर आला, कीं तो निर्दोष नगांवरहि तांबडा दिवा लावीत सुटतो. मग ते टाकलेले नग पुन्हा तपासावयाला कोण? काकाच. ज्या कंटाळवाण्या कामांतून यंत्रानें त्यांना सोडविलें म्हणून स्तोत्र गाइलें जातें, तें काम त्यांच्याकडे दुसऱ्या दारानें परत येतें, आणि तें आतां 'फेरतपासणी' म्हणवितें.

आम्हां टीकाकारांनीं ह्यावर हंसण्याचें कारण नाहीं. १९४७ सालीं मर्ढेकरांचा 'कांहीं कविता' हा संग्रह निघाला तेव्हां आमच्या पूर्वसूरींपैकीं अनेकांनीं तांबडा दिवाच लावला. प्रकरण अश्लीलतेच्या खटल्यापर्यंत गेलें, आणि कवि त्यांतून निर्दोष सुटला. ज्यानें मराठी कवितेंत यंत्रयुग आणलें त्याला यंत्रासारख्याच टीकेनें जोखावें, हा दैवदुर्विलास. परंतु त्या वेळीं निदान वाद झाला. टीकाकारांनीं आपल्या नांवानिशीं लिहिलें, दुसऱ्यांनीं त्यांना खोडून काढलें, आणि कांहीं वर्षांनीं मत पालटलें. तांबड्या दिव्याशीं वाद घालतां येत नाहीं. त्याला कारण विचारलें तर तो पडद्यावर नगाचा एक भाग रंगवून दाखवितो. तेथें तेल आहे कीं भेग आहे हें तो सांगत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली तिच्याकडे येतों. कॅमेरा नगावर रोंखलेला असतो तोंवर हा सारा वाद कारागिरीचा आहे. तोच कॅमेरा मान वर करून माणसाकडे पाहूं लागला कीं वाद वेगळा होतो. शिरस्त्राण घातलें आहे काय, हातमोजे आहेत काय, कामगार आपल्या जागेवर आहे काय, एक नग बसवावयास किती सेकंद लागले, मध्यें तो किती वेळ थांबला. हें सारें आतां यंत्रदृष्टीला मोजतां येतें, आणि मोजून देण्याचीं आश्वासनें त्याच माहितीपत्रकांत पुढच्या पानावर असतात. कल्पना नवी नव्हे. अमेरिकेंत फ्रँक गिलब्रेथ ह्यांनीं १९१२ च्या सुमारास कामगारांच्या हालचालींचीं चलत्चित्रें घड्याळासह घेऊन त्यांतील निरर्थक हालचाली वेगळ्या काढल्या होत्या. पण गिलब्रेथचा कॅमेरा एक दिवस येई आणि जाई. तो येणार हें सर्वांना माहीत असे. आजचा डोळा मिटत नाहीं. मराठींत पाहण्याला शब्द पुष्कळ आहेत, आणि ते उगीच नाहींत: आई मुलाला न्याहाळते, सोनार सोनें पारखतो, पहारेकरी टेहळतो, चोर हेरतो. इंग्रजी माहितीपत्रकाच्या भाषांतरांत ह्या सर्वांना 'दृष्टि' हा एकच भारदस्त शब्द लावला जातो, आणि नगाची पारख व कामगारावरची टेहळणी हीं एकाच पिशवींत बसून घरांत येतात.

टेहळणीचें समर्थन सुरक्षिततेच्या नांवानें केलें जातें. तें समर्थन आम्ही गंभीरपणें घेतों, आणि म्हणूनच विचारतों: अपघात होतात कोठें? वाहनउद्योगाला सुटे भाग पुरविणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसवर बोटें आणि हात गमावणाऱ्या कामगारांविषयीं सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' ह्या नांवाचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. ते वाचल्यावर कोणाचीहि झोंप उडेल. प्रेसच्या जबड्यांत हात असतांना तो जबडा मिटूं नये, ह्यासाठीं कृत्रिम बुद्धीची गरज नाहीं. प्रकाशाचा पडदा हें उपकरण जुनें आहे. हात मध्यें आला कीं किरण तुटतो आणि प्रेस थांबते. दोन्ही हातांनीं दोन बटणें दाबल्याशिवाय प्रेस चालूं नये, ही युक्ति तर त्याहूनहि साधी. ज्या शेडींत ओरखडा हेरणारा डोळा आहे, पण प्रेसपुढें प्रकाशाचा पडदा नाहीं, किंवा आहे पण कामाचा वेग वाढावा म्हणून बंद करून ठेवला आहे, तेथें 'सुरक्षितता' हा शब्द उच्चारण्याचा अधिकार कोणाला पोंचतो, असा आमचा सरळ प्रश्न आहे. यंत्राला काय दिसतें ह्यापेक्षां त्याला काय पाहावयास सांगितलें आहे, ही परीक्षा आम्हांला महत्त्वाची वाटते. नगावरचा ओरखडा डेबिट नोटेच्या रूपानें मालकाच्या हिशेबांत उतरतो. कंत्राटी कामगाराचें तुटलेलें बोट त्या हिशेबांत त्या मानानें फार लहान आंकडा होऊन येतें, आणि पुष्कळदां येतच नाहीं.

उजेडाचीच गोष्ट घ्या. यंत्रदृष्टीच्या तंत्रज्ञांना विचारा, ते सांगतील कीं अर्धें काम कॅमेऱ्याचें आणि अर्धें दिव्याचें. चकाकी येऊं नये म्हणून घुमटाकार दिवा, सावली पडूं नये म्हणून कंकणाकृति दिवा, कड स्पष्ट दिसावी म्हणून वस्तूच्या मागून उजेड; केवढा हा बडेजाव! आतां १९४८ च्या कारखाने कायद्याचें सतरावें कलम काढून वाचा. कामगाराच्या डोळ्यांना ताण पडेल अशी चकाकी किंवा सावली कामाच्या जागीं पडूं नये, अशी व्यवस्था शक्य तितकी करावी, असें त्यांत स्पष्ट म्हटलें होतें. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेनें घेतली. म्हणजे शहात्तर वर्षें तें कलम पुस्तकांत होतें. शहात्तर वर्षांत माणसाच्या डोळ्यासाठीं जें अनेक शेडींत झालें नाहीं तें कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठीं एका आठवड्यांत झालें. आम्ही पाहिलेल्या शेडींत कॅमेऱ्याच्या घुमटाखालीं स्वच्छ दुधासारखा उजेड होता. काकांच्या फेरतपासणीच्या टेबलावरची ट्यूब मात्र लुकलुकत होती, आणि ती दुसऱ्या भेटीच्या वेळींहि तशीच लुकलुकत होती.

चित्रांत टिपलेल्या कामगाराच्या हातीं काय आहे, हेंहि पाहिलें पाहिजे. २०२३ सालीं संसदेनें व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, हें चांगलें झालें. परंतु नोकरीच्या कारणासाठीं, तसेंच मालकाचें नुकसान टाळण्यासाठीं, माहितीचा वापर संमतीवांचूनहि करतां येईल, अशी वाट त्या कायद्यांतच ठेवलेली आहे. ही वाट किती रुंद समजावयाची हें न्यायालयें पुढें ठरवितील. तोंवर फाटकाच्या आंत ती मालकाला हवी तितकी रुंद असते.

ह्या सर्वांत आम्हां साहित्याच्या मंडळींचें अंग आम्ही चोरणार नाहीं. मुंबईच्या गिरणगांवानें मराठीला अण्णा भाऊ साठे दिले, नारायण सुर्वे दिले. साठ वर्षांहून अधिक काळ चाललेल्या ह्या औद्योगिक पट्ट्यानें दिलेलें, त्या तोलाचें लेखन आमच्या वाचनांत फारसें नाहीं. २०१६ च्या जानेवारींत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरी-चिंचवडला भरलें; मंडप भव्य होता, व्यवस्था चोख होती. मंडपापासून थोड्या अंतरावर तपासणीच्या टेबलांशीं हजारों माणसें डोळे फोडीत बसलीं होतीं, आणि त्यांच्या पाहण्याला आपण अजून नांव दिलेलें नव्हतें. म्हणून आज माहितीपत्रकें सांगतील तीच त्या कामाची भाषा झाली आहे. काकांना जी नजर आहे तिला शेडींत 'व्हिज्युअल इन्स्पेक्शन' म्हणतात. त्यांच्या गांवीं तिला पारख म्हणतात, आणि बैलाच्या बाजारांत त्या पारखेला मान असतो.

यंत्र काढून टाका, असें आम्ही म्हणत नाहीं; तसें म्हणणें बाष्कळपणाचें होईल. आमचें मागणें माफक आहे. यंत्राला ज्यांनीं शिकविलें त्यांचीं नांवें शेडींत कोठेंतरी लिहिलेलीं असावीं, आणि शिकविण्याच्या कामाचा मोबदला निराळा असावा. संशयाचा आंकडा कोणीं, केव्हां, कितीवर नेला, ह्याची वही असावी आणि तीवर सही असावी. पडद्यावर तिसरें बटण असावें. 'सांगतां येत नाहीं' असें म्हणण्याचा हक्क चांगल्या परीक्षकाकडून कोणींहि काढून घेऊं नये. आणि माणसाकडे पाहणारा कॅमेरा काय पाहतो, काय सांठवितो, किती दिवस सांठवितो, हें त्याच्याखालीं उभ्या असलेल्या माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेलें असावें.

हें शेवटचें मागणें आम्हांला कसें सुचलें तें सांगतों. दुसऱ्या भेटींत निघतांना प्रेसच्या वरच्या कॅमेऱ्याखालीं एक इंग्रजी पाटी दिसली. प्रेसवर बीडकडचा एक मुलगा होता, वय वीसएक असेल. आम्ही पाटी वाचतों आहों हें पाहून त्यानें ती वाचून दाखवावयास सांगितली. ही जागा कॅमेऱ्याच्या देखरेखीखालीं आहे, असें तीवर लिहिलें होतें. आम्हीं तसें त्याला सांगितलें.

"एवढंच?" असें म्हणून तो प्रेसकडे वळला.